आबांच्या खोलीला अंबाडीचं छत

अक्काचा फोन आला. "आबा पत्र्याखाली भाजून निघायलेत, पण स्लॅबखाली यायचं नाव न्हाई." आबा म्हणजे अक्काचे सासरे. त्र्याण्णवच्या भूकंपात किल्लारीकडचं दगडी घर त्यांच्या अंगावर आलं. तेव्हापासून डोक्यावर जड काही नको. अक्काच्या लातुरातल्या घरात माडीवर क्लासच्या पोरी भाड्यानं, आणि म्हातारा अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत.

मी वापीच्या कारखान्यात प्रेसवर आहे. अंबाडी, ताग रेझिनमध्ये भिजवून गरम दाबायचं की कडक शीट तयार. वजनाला हलकी, वाकवली तरी पटकन मोडत नाही, ऊन खाली उतरू देत नाही. साहेबांना विचारून चार शीट घेतल्या नि सुट्टी टाकली.

वापीहून कल्याण, तिथून रेल्वेनं नांदेड, तिथं आईला भेटून एसटीनं लातूर. चार-साडेचार तास धरा. मोठं सामान असेल तर सकाळचीच गाडी बघा. "हुंड्यात दारं घेऊन चाललास का रं?" म्हणत कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. अहमदपूरला भजी खा, पण गरम असतील तरच.

अक्काच्या अंगणात आबांना शीट एका बोटावर तोलून दाखवली. जिन्यातून पोरी बघत होत्या, म्हणून जरा जास्तच. आबांनी तरुणपणी अंबाडीचे दोर वळलेले. खोलीच्या मापानं मी करवतीनं कापलेल्या कडेवर त्यांनी बोट फिरवलं.

"हितं धागा उघडा हाय. पाणी पिईल की रं."

"आबा, दोरखंड न्हाई हे, कंपोझिट हाय. तुम्हाला न्हाई कळायचं."

मी आठवी नापास. आणि कापलेली कड रेझिननं बंद करायची, हे कारखान्यात नव्या लोकांना मीच शिकवतो. रेझिनचा डबा आणायला बाजारात जायचा कंटाळा केला, एवढंच.

शीट आतून पत्र्याखाली खिळ्यांनी ठोकल्या. वरचा पत्रा हात लावू देत नव्हता, खालच्या शीटला मात्र गाल टेकवता यायचा. तरी कामासाठी बाहेर काढलेली बाज आत घ्यायला आबांनी दोन दिवस लावले. त्या दोन दिवसांत माडीवरची पोरींची टाकी रोज भरून वाहायची, ते पाणी खाली पत्र्यावर पडून त्याच्या भोकांतून शीटच्या कडेत मुरत होतं.

तिसऱ्या दुपारी ते आत झोपले. फुगलेली शीट खिळ्यांतून कर्रकन सुटली, एक कोपरा खाली लोंबला. त्यांना लागलंसुद्धा नाही. आबा अनवाणी रस्त्यावर धावले आणि ओरडू लागले, "पोरींना खाली काढा! पोरींना खाली काढा!"

पोरी वह्या घेऊन खाली आल्या. एक हसली. मी शीट काढल्या आणि संध्याकाळची गाडी धरली. माफी मागितली नाही.

वापीत कुणी विचारलं तर सांगतो, अंगावर पडली तरी लागत नाही एवढी हलकी शीट आहे. खोटं नाही ते. अक्का फोनवर आबांचा विषय काढत नाही. अक्काच्या शेजाऱ्यानं सांगितलं, आबा आता पत्र्याखालीही झोपत नाहीत, बाज रस्त्याच्या कडेला टाकतात.