बर्फाच्या यंत्राची सुट्टी

माझा मामा फ्रिज दुरुस्त करतो आणि स्वतः कायम तापलेला असतो. एका घरच्या फ्रिजमधलं बर्फाचं यंत्र तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा बंद पडलं. मामाने पाण्याची नळी पाहिली, मोटर तपासली, सगळं ठणठणीत. फक्त जी वर केली की बर्फ बनणं थांबतं, ती तार पुन्हा वर उचललेली.

“कोण करतंय हा उद्योग?” मामा कडाडला.

“मी,” घरातल्या आजी म्हणाल्या. “रात्रंदिवस राबतं बिचारं. रविवारी तरी सुट्टी नको?”

“यंत्राला कसली सुट्टी, आजी!”

आजींनी त्याचा घामेजलेला शर्ट पाहिला. “आणि तुला रे?”

आता दर रविवारी त्या घरून तक्रार येते. मामा हत्यारं घेऊन जातो, तार वर असल्याची खात्री करतो आणि त्यांच्या सोफ्यावर संध्याकाळपर्यंत घोरतो. मामीला सांगतो, बिघाड फार चिवट आहे.