मुक्या चित्रांचे अण्णा

चित्र सुरू व्हायच्या आधी अण्णा पडद्याशेजारच्या खांबावर वेताची छडी आपटत, तोंडातला ओवा गालात सरकवत आणि म्हणत, "घाबरू नगा. हे काय परकं न्हाई. नीट बघा, आपलंच गाव हाय."

पडद्यावर त्या वेळी काहीही असू शके. राजवाडा, आगबोट, नाहीतर टोपीवाला गोरा साहेब. अण्णांना त्याचं सोयरसुतक नसे.

हल्लीची पोरं मला विचारतात, "काका, आपल्या भागाचं खरं रूप दाखवणारे तुमचे आवडते सिनेमे कोणते?" आता काय सांगावं? निजामाच्या राज्यात आमच्या बीदर-गुलबर्ग्याकडं कॅमेरा घेऊन कोण कशाला येतंय? मी पाहिलेली चित्रं काही मुंबईची, काही साहेबाच्या देशातली. तरी त्यांच्यात मला माझा मुलूख जितका दिसला, तितका पुढं कुठल्याच सिनेमात दिसला नाही. त्याचं श्रेय चित्रं काढणाऱ्यांना देऊ नका. ते अण्णांचं.

तुमच्यापैकी कुणी मुका सिनेमा पाहिला नसेल, म्हणून सांगतो. जत्रेत नाहीतर बाजाराच्या गावी तंबू पडे. यंत्र हातानं फिरवायचं. चित्रातली माणसं नुसती ओठ हलवत, मधूनच पडद्यावर अक्षरं येत, आणि ती वाचता येणारी माणसं तंबूत बोटावर मोजण्याइतकी. म्हणून मालक गोष्ट सांगायला एक माणूस ठेवी. आमच्या तंबूत ते काम अण्णांचं. ते हुलसूरचे, मी मैलूरचा. त्यांच्या शेजारी बसून मी पेटी वाजवत असे.

अण्णा दिसायला किरकोळ. पण आवाज असा की बाहेर बांधलेले बैल कान टवकारत.

त्यांची खरी करामत भाषांची. आमच्याकडं एकाच घरात सासू कानडी बोलते, सून मराठी, आणि सासरा कचेरीतून आला की उर्दूत खेकसतो. कुणाचं काही अडत नाही. अण्णांनी हेच घर उचलून पडद्यावर नेलं. चित्रातल्या राजाला ते दख्खनी बोलायला लावत, सावकाराला कानडी, आणि आईला बहुतेक वेळा मराठी. कधी आईलाही कानडी मिळे, ते बायकांसाठी लावलेल्या कनातीमागं त्या दिवशी कुठल्या बोलीच्या जास्त आल्या आहेत त्यावर असे.

एकदा साहेबाच्या चित्रात बर्फ पडायला लागला. बर्फ आमच्यात कुणाच्या बापानं पाहिलेला? अण्णा म्हणाले, "ही तिकडची धूळ हाय. आपली तांबडी, त्यांची पांढरी." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पण माझं लाडकं चित्र दुसरंच. त्यात एक राजा राण्यांना घेऊन बागेत जेवायला बसतो. खटकचिंचोळीच्या तंबूत अण्णांनी जाहीर करून टाकलं, "आज येळवस हाय. राजा सगळ्या घरादाराला घेऊन शेतात आलाय. ती बघा भज्जी, ते आंबिलाचं मडकं." तंबू नुसता फुलून आला. येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या, डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि ताकातलं आंबील शेतात नेऊन खायचा सण. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून शेतात जेवायला बसवायचं, ही रीत. उपाशी कुणाला जाऊ द्यायचं नाही.

आणि नेमका तेव्हाच पडद्यावर राजाच्या मागून एक फकीर चालत गेला. राजानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कामून बोलवनात त्याला?" एक शेतकरी उठून उभा राहिला. "येळवशीला माणूस उपाशी चाललाय!" कनातीमागून बायका कडाडल्या. कुणीतरी राजाला आईवरून शिवी दिली. अण्णा आपल्याच जाळ्यात सापडले होते. मी घाईघाईनं पेटीवर जोरात काहीतरी वाजवायला लागलो, पण दंगा काही थांबेना. शेवटी अण्णांनी छडी आपटली. "अरे, थांबा की! तो आधीच जेवलाय. पान खायला चाललाय!" तेव्हा कुठं मंडळी खाली बसली. पुढच्या प्रत्येक गावी अण्णांनी फकिराला आधी जेवायला घातलं आणि मगच चालवलं.

मला विचाराल तर माझ्या मुलखाचं ते सर्वांत खरं चित्र. राजाला शिव्या देणारी ती माणसं धरून.

मग बोलपट आला. मालकानं गुलबर्ग्याहून नवं यंत्र आणलं आणि भालकीच्या तंबूत अण्णांना सांगितलं, "आज तुम्ही दारावर उभं ऱ्हावा. लोक खूश झाले, तर उद्यापासून सांगणाऱ्याचं काम संपलं." पेटीचं काय, हे मी विचारलंच नाही. मागच्या बाकावर बसून त्या यंत्राला मनातल्या मनात शाप देत राहिलो.

यंत्र बोललं. लोक आधी दचकले, मग टाळ्या पिटल्या. आमचं दोघांचं झालं, असं मी समजलो. पण हळूहळू चुळबुळ सुरू झाली. पुढच्या रांगेतला एक टांगेवाला म्हणाला, "अरे, तरकारीवाली बी दरबार की बोली बोलरई!" कनातीमागून एका म्हातारीचा आवाज आला, "सासूबी तेच बोलायलीय, सूनबी तेच बोलायलीय. एका घरातल्या हायत व्हय ह्या?" तंबू हसला. मग कुणीतरी हाक दिली, "अण्णा कुठं हायत? अण्णाला बोलवा!" बघता बघता सगळा तंबू अण्णांच्या नावानं ओरडू लागला.

मालकानं घाबरून दाराकडं हात केला. अण्णा आले, खांबापाशी उभे राहिले, छडी उचलली. माझा जीव भांड्यात पडला. पडद्यावर सून रडत होती आणि काहीतरी सांगत होती. अण्णांनी छडी तशीच धरून तिचं ऐकलं. मग छडी खाली घेतली.

"मंडळी, आजवर हिच्या वतीनं मीच बोललो," ते म्हणाले. "हिला काय म्हणायचं होतं, ते मला तरी कुठं ठावं होतं? आज ती सोता बोलायलीय. तिला बोलू द्या."

आणि ते परत दारावर जाऊन उभे राहिले.

खेळ सुटल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. "अण्णा, आपल्याच हातानं अन्नात माती कालवलाव की!"

"लोकांनी हाक मारली, ऐकलास न्हवं?" ते म्हणाले. "मग आनी काय पायजे?"

दुसऱ्या दिवशी ते हुलसूरला गेले ते कायमचे. भावाबरोबर शेती केली. मी भजनी मंडळांत पेटी वाजवून पोट भरलं. चार माणसं जमली की त्यांतला कोण कुठल्या भाषेत रागावतो आणि कुठल्या भाषेत रडतो, हे ऐकायची सवय मला त्यांच्या शेजारी बसून लागली. एवढ्या गावांतून फिरलो, कुठंच परका वाटलो नाही. हे त्या माणसाचे उपकार. जिवंतपणी त्यांना तसं बोलून दाखवलं, हे माझं भाग्य. ते नुसते हसले आणि तोंडात ओवा टाकला.

अण्णा वारले त्याच्या पुढच्या साली मी भालकीला बोलपट पाहायला बसलो होतो. खेळ ऐन रंगात आलेला असताना यंत्राचा आवाज गेला. चित्र चालूच, माणसं नुसती ओठ हलवायला लागली. बऱ्याच जणांनी खांबाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

मग डाव्या बाजूनं एका म्हाताऱ्यानं पडद्यावरच्या सासूचं बोलणं कानडीत सुरू केलं. कनातीमागून एका पोरीनं सुनेच्या वतीनं मराठीत ताडकन उत्तर दिलं. पुढच्या रांगेतला एक टांगेवाला नवऱ्याच्या तर्फे दख्खनीत दोघींवर खेकसला. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली, आणि कोण कुणाच्या वतीनं बोलतंय याला काही धरबंध राहिला नाही. मी डोळे पुसत होतो.

इतक्यात यंत्र खरखरलं आणि आवाज परत आला.

"बंद करा की ते!" कनातीमागून ती पोरगी ओरडली. "आमचं बोलनं आजून संपलं न्हाई."