लादी ठेवायला जागा नाही

बर्फाची अर्धी लादी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ‘फ्रिज घेतलाय’ असं कुणी सांगू नये. निदान त्याला लादी खाली ठेवू द्यावी, पाणी विचारावं, मग सांगावं. माझ्या मित्रानं तर सांगितलंही नाही. नसरापूरच्या चौकात मी एसटीतून उतरलो तेव्हा त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहून खिशात काहीतरी शोधायला लागला. आत, जिथं गेली नऊ वर्षं माझी बर्फाची पेटी होती, तिथं करड्या रंगाचा एक छोटा फ्रिज बसला होता. गुणगुणत होता.

“ही काय ब्याद?” मी म्हणालो.

“पोरानं बसवला. बॅटरीवर चालतोय. टपावर सोलर टाकलंय बघ,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला.

“आणि पेटी?”

“हाय की गोठ्यात. कोंबड्या बसत्यात तिच्यात अंड्यांवर. लई उबदार हाय आतनं.”

माझ्या पाठीवरून गार पाण्याचा ओघळ पार कमरेपर्यंत आला होता. थंड राहावी म्हणून जी पेटी मी केली, ती त्यानं उबदार म्हणून कोंबड्यांना दिली होती. मी तिथूनच उलट्या पावली भोरला जायला हवं होतं. पण परतीची एसटी तासानं होती आणि लादी तासभर थांबली नसती.

हा मित्र विंझरचा. भोरला मामाकडं राहून शिकायचा, तेव्हापासून आम्ही एका बाकावरचे. पुढं मी भोरमध्येच एका कचेरीत कारकून झालो आणि त्यानं टेम्पो घेतला. भात, भाजी, कुणाचं लग्नाचं सामान, जे मिळेल ते त्यानं वाहिलं. टेम्पो म्हातारा झाला तेव्हा पोरं म्हणाली, विकून टाका. त्यानं विकला नाही. मागच्या हौद्याला छप्पर घातलं, खिडकी पाडली, दोन बाकडी टाकली, शेगडी बसवली, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही त्यातून बाहेर पडायला लागलो. फार लांब नाही. कधी पानशेतच्या पाण्याकाठी, कधी मढे घाटाकडं. घरापासून वीस किलोमीटरवर जाऊन गाडीत झोपतात म्हणून विंझरच्या लोकांनी आमची भरपूर टिंगल केली. बायकांनी हाकलून दिलंय का, असंही विचारलं. आम्ही ऐकून घेतलं.

मला गाडी येत नाही. स्कूटरसुद्धा येत नाही. पंक्चर, तेल, पाणी यातलं मला काही कळत नाही. तेव्हा गाडी त्याची आणि गारवा माझा, अशी वाटणी आपोआप झाली. पेटी मी भोरच्या सुताराकडं बसून करून घेतली. आत पत्रा, बाहेर प्लायवूड, आणि मधल्या चार बोटांच्या फटीत ठासून भरलेलं भाताचं तूस. तूस बर्फाला धरून ठेवतं, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. ते ओल धरून कुबट वास मारायला लागलं की बदलावं लागतं, म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर नवं भात गिरणीवर आलं की आम्ही दोघं विंझरच्या गिरणीत पोतं घेऊन उभे राहायचो. पेटीच्या तळाला जुन्या फिल्टरची तोटी लावली होती. वितळलेलं पाणी त्यातून काढायचं आणि सकाळी त्यानंच तोंड धुवायचं. दात शिवशिवायचे, पण डोळे खाडकन उघडायचे.

लादी भोरच्या बर्फाच्या कारखान्यातून. गोणपाटात गुंडाळायची आणि एसटीत दाराजवळ पायांत धरून बसायचं. एकदा एक कंडक्टर म्हणाला, “काका, ह्याचं लगेज कसं फाडू? उतरेपर्यंत वजन निम्मं व्हतंय.” सगळी एसटी हसली. मीही हसलो. मला त्या लादीचा अभिमान होता, आता सांगायला काय जातंय. मी नसलो तर दूध फाटणार, दही आंबणार, मटण वास मारणार. निवृत्तीनंतर मी कुणाला लागतो, असं ते एकच ठिकाण उरलं होतं.

सुरुवातीला आमच्यात तिसरा होता. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, आंबवड्याचा शेतकरी. भाकरी त्याच्याकडं. पुरुषमाणसानं इतकी पातळ, गोल भाकरी थापलेली मी दुसरीकडं पाहिली नाही. पुढं त्याला साखर निघाली, इन्सुलिनची सुई सुरू झाली आणि त्याचं येणं थांबलं. मग भाकऱ्या आम्ही घरूनच बांधून न्यायला लागलो.

तर त्या शनिवारी लादी बादलीत घातली, वर गोणपाट टाकलं आणि बादली पायांत धरून मी पुढच्या सीटवर बसलो.  विंझरला नेहमीच्या टपरीवर गाडी थांबली तेव्हा टपरीवाला खिडकीशी येऊन मलाच म्हणाला, “मग काका, कसा काय वाटला फ्रिज? लई बेस काम झालं बगा.” म्हणजे त्याला माहीत होतं. गिरणीवाल्यानं रस्त्यापलीकडून हात केला आणि टपावरच्या सोलरकडं बोट दाखवलं. त्यालाही माहीत होतं. सगळ्या विंझरनं पाहून झाल्यावर माझा नंबर लागला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हणत होतो. गरज सरो, वैद्य मरो.

पानशेतच्या पाण्याकाठी आमची एक ठरलेली जांभूळ आहे. तिच्याखाली गाडी लावली. दुपार टळली होती. चहा नेहमी मी करतो, म्हणून दूध काढायला नाइलाजानं त्या फ्रिजचं दार उघडलं. बादलीतल्या बर्फात दूध ठेवलं असतं तर बरं झालं असतं, पण दूध त्यानं घरूनच आत ठेवून आणलं होतं. दुधाच्या पिशवीमागं एक पारदर्शक डबी होती. तिच्यात दोन पेनं. लिहायची नव्हेत. असली इन्सुलिनची पेनं मी मेव्हण्याकडं पाहिली होती.

“हे कुणाचं?”

तो चुलीसाठी काटक्या गोळा करत होता. त्यानं त्या खाली ठेवल्या. “माजं.”

“कधीपासून?”

“दोन दिवाळ्या झाल्या.”

मी फ्रिजचं दार उघडंच ठेवून तिथं उभा राहिलो. दोन दिवाळ्या. म्हणजे वीस-बावीस शनिवार. प्रत्येक वेळी मी चहा केला होता, त्याला आवडतो तसा, दोन चमचे साखर घालून. त्या चहाचं काय केलंस, तेही मी विचारलं.

“गाडीच्या मागं जाऊन वतायचो,” तो म्हणाला. “पयला घोट घ्यायचो तुज्यासमोर.”

एवढं लागलं मला ते. पेटीपेक्षा जास्त लागलं. माझा चहा ओतला याचं नव्हे. तो ओतून रिकामा कप मला परत आणून देताना ‘झ्याक झालाय’ म्हणायचा, त्याचं. मी त्याला म्हणालो, “पन्नास वर्षांची मैत्री आणि तू मला फसवत होतास. औषध बर्फात नीट राहिलं नसतं का? मी ठेवलं असतं.”

“ठेवलं व्हतंस की,” तो म्हणाला.

मग त्यानं गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. पेटीत वरच्या जाळीवर त्यानं ती डबी फडक्यात गुंडाळून ठेवली होती. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, बायकोचं डोळ्यात घालायचं औषध, परत जाताना द्यायचंय. मला आठवलं. मी म्हणालो होतो, “अरे मग वर कशाला, उन्हानं खराब होईल,” आणि मोठ्या काळजीनं ती डबी उचलून लादीच्या खाली सारली होती, पार तळाला. इन्सुलिन गोठलं की फुकट जातं. संध्याकाळी त्यानं डबी काढली तर आतलं दगड झालेलं. त्या वेळी तो मला म्हणाला होता, घरून फोन आलाय, गाय व्यायला झालीये, निघायला पाहिजे. जेवणही न करता आम्ही परतलो होतो. गायीसाठी मित्राला सोडतो म्हणून मी महिनाभर फुगून बसलो होतो. गाय कुठली व्याली नव्हती.

“सांगितलं असतंस तर मी ती डबी डोक्यावर धरून बसलो असतो,” मी ओरडलो. काठावर एक बाई म्हशी धूत होती, तिनं वळून पाहिलं. “सांगायला काय झालं होतं तुला?”

“तुज्या मेव्हन्यानं सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “त्याचं काय केलंस?”

“त्याचा इथं काय संबंध?”

“त्याच्या खिशात गोळ्या, डब्यात सुई, जेवायची येळ ठरल्याली. दोन खेपा केल्यास त्याच्यासंगं. मग टपरीवर चार मानसांत म्हनालास, सुईवाला मानूस घिऊन फिरायचं म्हंजी दवाखाना घिऊन फिरायचं. अन त्याला फोनवर सांगितलंस, गाडीत जागा न्हाई. आरं, गाडी माजी व्हती. जागा व्हती.”

मी म्हणालो, मग तेव्हा तू का नाही बोललास? तो म्हणाला, “तवा मला कुटं सुई लागली व्हती?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण मी हार मानणारा नाही. मी म्हणालो, “गाडी तुझी आहे. मी काय तुला तुझ्याच गाडीतून खाली उतरवणार होतो? मला कशाला भ्यायचं?”

त्यानं काटक्या पुन्हा उचलल्या. “तू यायचा थांबला असतास तर? येकट्यानं फिराया टेम्पो काय कमी फिरवला व्हय म्या जन्मभर?” तो म्हणाला आणि चूल पेटवायला बसला.

आम्ही जेवलो. त्यानं माझ्यासमोर शर्ट वर करून पोटात सुई टोचली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. बर्फ बादलीत वितळला आणि सकाळी त्याच पाण्यानं आम्ही तोंड धुतलं. दात शिवशिवले.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे फ्रिजचं, सुईचं, चहाचं. मेव्हण्याचं गाळलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “मला माहीत होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विंझरच्या वहिनी म्हणाल्या होत्या.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“तुम्हाला सांगू नका म्हणाल्या.”

आता राग तरी किती जणांवर काढायचा? टपरीवाला, गिरणीवाला, मित्र, वहिनी, माझ्याच घरात भाजी निवडणारी माझी बायको. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. एक जीभ तेवढी सैल, तर तिच्यासाठी माझ्या पाठीमागं एवढा मोठा बंदोबस्त? मी दोन आठवडे त्यावर धुमसलो. रात्रंदिवस स्वतःची बाजू मांडली आणि दरवेळी ती टपरीपाशी येऊन अडायची. कारण ते वाक्य माझंच होतं. टपरीवर लोक हसले होते, तेही मला आवडलं होतं.

शेवटी मी ठरवलं की मोठेपणा आपणच दाखवावा. पुढच्या दुसऱ्या शनिवारी मेव्हण्याला घेऊन जायचं. आता फ्रिज आहे, त्याची अडचण नाही, माझी तर नाहीच नाही. मित्राला सांगायचंही नाही, त्याला नसरापूरला चकित करायचं. लपवाछपवी काय त्यालाच येते? आंबवड्याला फोन लावताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. माफी मागायची नव्हती. नुसतं ‘चल’ म्हटलं की त्यात सगळं येतं, असा माझा हिशेब होता.

मेव्हण्यानं उचलला. तब्येत, भात, पोरं, सगळं विचारून झालं. मग मी म्हणालो, “शनिवारी चल आमच्याबरोबर. गाडीत फ्रिज बसवलाय.”

“ठावं हाय दाजी,” तो म्हणाला. “बसवायच्या आदीच तुमच्या दोस्ताचा फोन आला व्हता मला. फ्रिज घेतोय, आता तुमच्या औशदाची सोय व्हईल, या म्हनले. भाकरी तुमच्याच हातची पायजे म्हनले.”

“मग? आला का नाहीस?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो माणूस मुळात रागावणारा नाही, तेच तर वाईट.

“म्या इचारलं, दाजी असत्यात का? त्ये म्हनले, व्हय, असत्यात की. मंग म्हनलं, ऱ्हाऊ द्या.”

“आणि आता?” मी विचारलं.

“आता बी तसंच हाय, दाजी. ताईला इचारलं म्हनून सांगा.”

फ्रिज छोटा असला तरी दाराच्या कप्प्यात आणखी एक डबी सहज मावते, हे मी स्वतः हात घालून पाहून आलो होतो. गाडीत जागा आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण त्यानं फोन ठेवला होता.