सरासरी जुळली तरी

उद्या माझ्या मुलीची, मैत्रीची, नोकरी गेली, तर तिचा व्हिसाही जाईल आणि ती पुन्हा आमच्यापासून दूर नागपूरला राहायला जाईल. संध्याकाळपासून हा विचार डोक्यातून हलत नाही. ती स्वतः आतल्या खोलीत गाढ झोपली आहे. जागण्याचं काम आमच्या घरात नेहमी माझ्याच वाट्याला.

ती पहिलीत असताना आम्ही बहरीनला आलो. झिंजमधल्या याच फ्लॅटमध्ये वाढली. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. तिच्या बाबांनी, केशवरावांनी, एकदा बाब अल बहरीनच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या दोन बादल्या आणल्या. उन्हात एक तडकली. ते दुकानदाराच्या नावानं ओरडत होते आणि ही तुकडे मांडीवर घेऊन विचारत होती, "बाबा, दुसरी पण उन्हातच होती ना? मग हीच का?"

त्याच प्रश्नाच्या मागे लागून ती नागपूरला मामाकडे राहिली, पॉलिमर घेऊन एम.एस्सी. झाली आणि दोन वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, तुबलीतल्या पाइपांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली. फोरमन अन्सारभाई सुरुवातीला हसायचे, "मॅडम, पाइप है, अचार नहीं. कितना चखोगी?" आता मशीन सुरू करण्याआधी तेच विचारतात, "मॅडमने हाँ बोला क्या?"

मागच्या आठवड्यात प्लॅस्टिकच्या दाण्यांचा नवा, स्वस्त माल आला. दाणे वितळवून बारीक छिद्रातून किती वाहतात, ही तिथली नेहमीची चाचणी. आकडा जुन्या मालाइतकाच आला. पाइप तयारही झाले. पण मैत्रीनं दोन्ही मालांच्या पट्ट्या कापल्या, खाच पाडली आणि वाकवून गरम साबणपाण्यात ठेवल्या. जुन्या तशाच राहिल्या. नव्या चिरल्या. नमुना इंग्लंडच्या लॅबमध्ये तपासून आल्याशिवाय पाइप पास केल्याची सही करणार नाही, असं तिनं कारखान्यात कळवून टाकलं.

"आकडा बरोबर हाये म्हणते, मंग काहून अडून बसली माय?" केशवराव आज जेवताना म्हणाले.

"बाबा, तो आकडा म्हणजे एक प्रकारचं अ‍ॅव्हरेज आहे."

ती उठली आणि शेवयांचा डबा घेऊन आली. बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी माझी बहीण दरवर्षी हातच्या शेवया पाठवते. प्रवासात बॅगेत त्यांचा निम्मा चुरा होतो. मैत्रीनं एका पातेल्यात बेताच्या लांबीच्या शेवया शिजवल्या. दुसऱ्यात पुष्कळसा चुरा आणि चारदोन खूप लांब.

"दोन्हीकडची सरासरी लांबी सारखी धरा. आता उचला."

केशवरावांनी काटा घातला. पहिल्या पातेल्यातला गुंता सगळाच वर आला. दुसऱ्यातला लगदा घसरून खाली पडला, काट्यावर दोन शेवया लोंबत राहिल्या.

"प्लॅस्टिकच्या आत अशाच साखळ्या असतात. सगळ्या एका मापाच्या कधीच नसतात. आखूड किती, लांब किती, ही वाटणी बघायची. लांब साखळ्या एकमेकींत अडकून धरून ठेवतात, चुरा नुसता सरकतो. आई, गेल्या बुद्धपौर्णिमेला तू खिरीत चुरा खपवला होतास, आठवतं?"

कसं विसरेन? वाढेपर्यंत खिरीची पेज झाली होती.

"पण या मालात तसंच झालंय, हे नक्की का?" मी विचारलं.

"नाही ना! म्हणूनच लॅबला पाठवायचं. तिथे साखळ्या लांबीप्रमाणे वेगळ्या करून मोजतात. मला माहीत नाही, तर मी सही कशाला करू?"

"म्हणजे यंदाची खीर बी खलास," केशवराव लगदा चाखत म्हणाले.

"बाबा, टेस्टिंगमध्ये सॅम्पल जातंच."

ती भांडी घासत असताना तिच्या मॅनेजरांचा, दत्तप्रसादांचा, फोन आला. ते मुंबईचे, केशवरावांच्या ओळखीचे. तिला नोकरी त्यांनीच दिली. "वहिनी, मुलगी हुशार आहे, पण हट्टी आहे. पाइपांचा माल उद्या नव्या बिल्डिंगवर जायचा आहे. सही नसेल तर मालक दुसरा केमिस्ट बघायला सांगतील. तुम्ही समजवा आणि सकाळी मला फोन करा." मी "बघते" म्हटलं.

मैत्रीला सांगितलं, तर ती हसली. "सही माझी आणि वशिला तुझा?" मग हात पुसत म्हणाली, "पाइप भिंतीत गेला की कुणाला दिसणार नाही, आई. काही वर्षांनी चिरेल, तेव्हा ते घरमालक दत्ता सरांना शोधत येणार आहेत का?" आणि झोपायला गेली.

नोकरी जाऊ शकते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. "मला माहीत नाही" असं इतक्या ठामपणे सांगायचं ती कुठून शिकली कोण जाणे. माझ्याकडून तरी नाही.

काळजी काही संपलेली नाही. पण दत्तप्रसाद सकाळी घराबाहेर पडायच्या आत मी त्यांना फोन करणार आहे. मैत्रीला समजवणं माझ्याकडून होणार नाही, नमुना इंग्लंडला पाठवा, एवढंच सांगणार आहे.