ओटीवरची टीम

लंडनहून काही कॉलेजवयीन स्वयंसेवकांची प्रमुख म्हणून मी ऐरोलीजवळच्या खाडीकाठच्या गावात आले. आम्ही गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. आई-बाबांमुळे मला मराठी यायचं, तरी घरमालकीण काकी मला ‘मॅडम’ म्हणायच्या आणि जेवायला टेबल मांडायच्या. माझी टीम काकींकडे बघून नुसती हसायची आणि वर खोलीत पळायची. त्यांना गावात मिसळायला कसं लावावं, याचंच मला टेन्शन होतं.

एके दिवशी मला सणसणून ताप भरला. टीम मीटिंगसाठी दाराशी आली, तशी काकी सगळ्यांना हाताला धरून खाली घेऊन गेल्या. थोड्या वेळाने हसण्याचा गलका ऐकू आला, म्हणून भिंत धरत मी उतरले. ओटीवर सगळे मांडी घालून कोलंबी सोलत होते. काकी मराठीत दटावत होत्या, पोरं इंग्रजीत उत्तरं देत होती.

“काकी, मी समजावते त्यांना,” मी म्हणाले.

“तू कशाला उठलीस गो? पोरांना बगायला मी हाय ना! जा, झोप!”

लंडन सोडल्यापासून मला कुणी असं रागावलं नव्हतं. फार बरं वाटलं. मी मुकाट्याने वर जाऊन झोपले.