आईची बडबड

माझी आई घुमी. शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं तिने पोरांना वाढलं, घरी आम्हाला वाढलं, आणि बोलणं काय, तर 'घे' आणि 'अजून घे'. कणीक मळताना काहीतरी पुटपुटायची, आम्हाला वाटायचं देवाचं म्हणतेय. सगळ्यांचं उरकल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही.

तीच आई झटका आल्यापासून दवाखान्यात पडल्या पडल्या अखंड बोलत होती. अक्षर कळत नव्हतं. मेंदूला मार बसलाय, बडबडणारच, असं डॉक्टर म्हणाले. बडबडेना का, पण ती खाईना. चार दिवस मी चमचा घेऊन बसले, गोंजारलं, शेवटी ओरडलेही. ती मान फिरवायची. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालणार होते.

दुपारी जेवणाची गाडी ढकलत नवीन आया आली. मऊ भाताची वाटी ठेवता ठेवता थबकली, आणि आईशी बोलायला लागली. आईच्याच त्या बडबडीत. आई उत्तरं देत होती.

मी चमचा ठेवून उठले. "तुम्हाला कळतं हे?"

"आमचीच भाषा आहे ताई. पलीकडच्या मुलखातली. आजी तिकडच्याच दिसतात."

मी पलंगाच्या पायथ्याशी बसलेल्या बाबांकडे बघितलं. ते स्वतःच्या चपला निरखत होते. "लग्न झाल्यावर मीच म्हटलं होतं," ते म्हणाले, "घरात आपलंच बोलायचं. पोरांचा गोंधळ नको."

माझं डोकं सणकलं. चव्वेचाळीस वर्षांची घोडी मी, जन्मभर हिच्या हातचं गिळलं, आणि हिची भाषा कुठली हे मला आज परक्या बाईकडून कळावं?

आया घुटमळत होती. "काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"राग मानू नका ताई. त्या विचारतायत, ही बाई कोण? चार दिवस इथे बसलीय, पोटात अन्नाचा कण नाही. आधी तिला वाढा, मग मी खाते."

खरंच होतं. चार दिवस मी नुसत्या चहावर होते, हे घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी वाटी उचलली. सगळी संपवली. आई टक लावून बघत होती. मग काहीतरी म्हणाली. आया सांगायला लागली, तिला मी हातानेच थांबवलं. 'अजून घे' म्हणाली असणार.

घेतलं. दुसरी वाटी संपली तेव्हा आईने तोंड उघडलं.