आता उठतीन पाहा ते!

ग्रामोफोनवरची तबकडी संपली, सुई खरखरायला लागली, की मुनीरचाचा उजवा हात वर धरून म्हणत, "आता उठतीन पाहा ते!" आणि हात तसाच ठेवून भिंतीकडं बघत राहत. उठत कुणीच नसे. मी मंगरूळपीरला शाळामास्तर म्हणून गेलो, त्यांच्या शेजारची खोली घेतली, आणि पहिल्याच संध्याकाळी हा प्रकार पाहून मुकाट्यानं आपलं दार लावून घेतलं.

चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. जिनिंग फॅक्टरीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना त्यांना आपला जुना ग्रामोफोन आणि एका भल्यामोठ्या विलायती सिंफनीच्या तबकड्या देऊन गेला. चार मिनिटं झाली की तबकडी उलटायची, चावी द्यायची, पुन्हा ऐकायचं. बैलगाडीतून घरी आणताना शेवटच्या दोन तबकड्या फुटल्या, आणि नेमकं त्यांतच गाणं होतं! साहेबानं सांगून ठेवलं होतं, की सुरुवातीला नुसती वाद्यं वाजतात. मागं शंभरेक बायापुरुष गप्प बसलेले असतात आणि शेवटी एकदम उठून गातात. झालं, त्या न ऐकलेल्या गाण्यानं चाचांना झपाटलं.

"मास्तर, शंभर माणसं इतका वेळ गुमान बसतेत! आपल्या इथं पंगतीत तरी कोणी बसते का? मंग उठल्यावर काय गात असतीन ते!"

पुढं महायुद्धाच्या दिवसांत वाचनालयात रेडिओ आला, आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडं. बॅटरीवर चालणारा, बॅटरी उतरली की मोटारीनं अकोल्याला पाठवायची. एक दिवस रेडिओवर सांगितलं, की येत्या रविवारी मुंबईच्या सभागृहातून तीच सिंफनी थेट ऐकवणार. चाचा वहाणा हातात घेऊन धावत आले.

"मास्तर, रविवारपर्यंत लढाईच्या खबरा बंद ठेवा. बॅटरी जपा!"

"लोक मारतील मला."

"मारू द्या. मलम मी लावतो."

गाव भला. कुरकुर केली, पण ऐकलं. रविवारी संध्याकाळी चाचा अत्तर लावून, इस्त्रीची शेरवानी घालून सर्वांत पुढं बसले. मधेच कुणी वाहवा करायची नाही, अशी प्रत्येकाला ताकीद.

वाजायला लागलं. चाचांचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. पण दुसरा भाग सुरू होतो न होतो तोच आवाज खोल जाऊ लागला. बॅटरी उतरत चालली होती. चाचांनी झटकन रेडिओ बंद केला.

"झोपू द्या तिले थोडं. गाण्यापुरता दम राह्यला पाह्यजे. तवरक मी हाओ ना!"

आणि पुढचं सगळं त्यांनी तोंडानं सुरू केलं. मधेच थांबत, हवेत हात फिरवून चावी देत, पुन्हा सुरू करत. उशिरा आलेल्या एका दुकानदारानं विचारलं, "बंद रेडिओपुढं काहून बसून राह्यले तुमी?"

"मुंबईवाले तिकडं वाजवून राह्यले, चाचा इकडं. बस गुमान," मागून कुणीतरी दटावलं.

अखेर चाचा थबकले. उजवा हात वर गेला. "आता उठतीन पाहा ते!" डाव्या हातानं त्यांनी कळ फिरवली.

रेडिओतून टाळ्यांचा कडकडाट आला. नुसत्या टाळ्या. मग कार्यक्रम संपल्याचं सांगणारा एक आवाज, त्याच्यामागं पुन्हा टाळ्या, आणि बॅटरी विझली.

मला त्यांच्याकडं बघवेना. हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला आणि चाचांनी फाडकन कपाळावर मारून घेतला.

"अरे, तिकडं तबकडी कोण उलटवते? मी इथं चाव्या देत बसलो, आन् ते गाऊनही मोकळे झाले!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळं हसण्याचंच होतं, असं मी म्हणणार नाही. पण शेरवानीच्या बाहीनं डोळे पुसून ते उठले आणि टाळ्या वाजवू लागले.

"वाजवा ना! इतके लोक खुश झाले, म्हंजे जबर गायले असतीन!"

न ऐकलेल्या गाण्याला आम्ही सगळ्यांनी मनापासून टाळ्या दिल्या.

नंतर माझी बदली झाली. चाचा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. पुढं मुंबईत ती सिंफनी ऐकायला मुद्दाम गेलो. शंभर माणसं खरोखरच गुमान बसली होती. ती उठली तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर गेला; शेजारच्या बाई रागावून बघत राहिल्या. मी रडत होतो, त्यांना काय सांगणार!

गाणं माझ्यासाठी अगदी नवं होतं. टाळ्या मात्र ओळखीच्या निघाल्या.